पाठमोरी वाटणी

न्याय नावाची वस्तू या जगात कुठं मुक्कामाला असेल, तर ती आमच्या घरमालकांच्या पाठीत होती, असं मी आजही कुणापुढंही सांगेन. सातवीत शाळा सोडून, मोटार हाकायला शिकून, चिपळूणकडचा मी दौंडजवळच्या त्या गावी पोचलो तेव्हा ओळखीचं काळं कुत्रं नव्हतं. घरमालकांनी पडवीतली खोली दिली, पहिल्या संध्याकाळी पुढ्यात भाकरी ठेवली आणि ‘कुठला, कुणाचा’ हे जेवून झाल्यावर विचारलं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांचा जन्माचा मिंधा आहे. धंद्यानं ते पिंजारी. गाद्या भरायचे. गावातल्या पाच परवान्याच्या बंदुकांपैकी एक त्यांची होती आणि सारा गाव त्यांना चाचा म्हणायचा.

शिकार झाली की मांसाचे वाटे पळसाच्या पानांवर मांडायचे, आणि चाचांनी त्यांच्याकडं पाठ करून बसायचं, ही त्या गावची रीत. कुणीतरी एका वाट्याशी काठी टेकवायची आणि विचारायचं, “हा कुणाचा?” चाचा मागं न बघता एक नाव घ्यायचे. ज्याचं नाव, त्याचा वाटा. पुढं चकार शब्द नाही. हाकाऱ्यांना वाटा, ज्याच्या रानात जनावर पडलं त्याला वाटा, कुत्र्यालासुद्धा वाटा. एकदा मांडीचा तुकडा कुत्र्याला गेला आणि खुरं पाटलांना. पाटील आठ दिवस फुगून बसले, पण खुरं घेऊन गेले. “डोळं लबाड असत्यात,” चाचा म्हणायचे, “पाठीला लबाडी येत न्हाई.” घरातही तेच. चाचींनी भाकरी थापून टोपलीत टाकायच्या, यांनी भिंतीकडं तोंड करायचं. कडक कुठली, मऊ कुठली, कुणाला काय येईल सांगता यायचं नाही. चाची कपाळाला हात लावायच्या. “माझं लगीनबी असंच ठरलं असणार. ह्ये पाठ करून बसलं आन् कुणीतरी माझ्यावर काठी ठिवली.” मोरीत आंघोळीची पाळी भिंतीच्या सावलीवर लागायची. एकदा चाचांनाच दोन बादल्या जास्त वेळ लागला, तर दुसऱ्या दिवशी तेवढा वेळ मला देऊन थंडीत कमरेला पंचा लावून ते कुडकुडत बाहेर उभे, आणि मी आत कोमट पाण्यात शरमेनं अर्धा झालेलो.

गावच्या माळावर काळवीट होते, ससे होते, तितर तर विचारू नका. त्या माळाचे वारही चाचांनीच लावलेले. पाच बंदुकांना पाच वार, आणि शुक्रवार व सोमवार जनावरांचे. “त्यांनीबी कवातरी बिनघोर चरावं की.” रविवार चाचांचा स्वतःचा.

आणि मी नेमका ज्या शिकार-कंपनीची जीप चालवायचो, तिला रविवारच हवा होता. कंपनी मुंबईची. माळाच्या कडेला तिचे तंबू, खाटा, खानसामा. शनिवारी संध्याकाळी पाहुणे दौंड स्टेशनात उतरायचे, सोमवारी त्यांना कचेरीत हजर व्हायचं असायचं. मॅनेजर म्हणे, सरकारी परवाना आहे, सातही वार आमचे. गाव म्हणे, बापजाद्यांचा माळ आहे, एकही वार देत नाही. मोसमाच्या पहिल्याच रविवारी पहाटे वाटेवर बैलगाडी आडवी लावलेली दिसली. तिच्यापुढं पाच बंदुका, माझ्या पाठीशी जीपमध्ये आठ बंदुका, आणि मधोमध माझं डोकं. पाटलांचा थोरला ओरडला, “उतर खाली, कोकण्या! आमच्यात ऱ्हातोस आन् त्यांची गाडी हाकतोस व्हय?” कुणीतरी बॉनेटवर काठी आपटली. मागं एका पाहुण्यानं घोडा चढवल्याचा आवाज मी मानेवर ऐकला. तेवढ्यात चाचा पुढं आले. “ड्रायव्हरला हात लावायचा न्हाई. त्यो माझा भाडेकरू हाय. आन् सायेब, त्या बंदुकीचं तोंड खाली करा. आज वार माझा हाय. म्हंजी आज इथं काय घडंल ते माझ्या नावावर लागंल.” उलट्या गिअरमध्ये मी आयुष्यात कधी इतका लांब गेलेलो नाही.

तक्रार शिरूरला गेली. शिकारीचे परवाने देणाऱ्या तिथल्या साहेबांनी सांगितलं, गाव आणि कंपनी दोघांनी मिळून काय ते लिहून आणा, नाहीतर या मोसमात माळ दोघांनाही बंद. म्हणून चावडीपुढं सगळे जमले. चाचा उठले आणि त्यांनी एका दमात दोन्ही बाजू दुखावल्या. “बंदुका आठ असूंद्या न्हाईतर ऐंशी. तंबूत चूल किती? एक. तर कंपनीला एक वार. जनावरांचा सोमवार त्यासाठी घ्यावा लागंल, त्यांची माफी मी मागतो.” मॅनेजर संतापला, गाव त्याहून संतापला. “चाचा, तुम्ही हाय तरी कुणाचं?” पाटलांचा थोरला म्हणाला. “कुणाचाच न्हाई, म्हणून तर मला बसवता,” चाचा म्हणाले. शेवटी शुक्रवार सोडून बाकीच्या सहा वारांची पाठमोरी वाटणी करायची ठरली. सहा नावं, सहा वार.

मॅनेजरनं मला जीपच्या आडोशाला नेलं. “रविवार नाही आला तर तंबू उठला. तंबू उठला की ड्रायव्हर कशाला लागतो?” घरी आई आणि दोन बहिणी माझ्या मनिऑर्डरीवर जगत होत्या. मी नुसती मान हलवली. परत येतो तर चाचा म्हणत होते, “काठी कोकण्याला द्या. मीठ त्यांचं खातो, पाणी आपलं पितो. त्याच्यावर कुणाचा संशय न्हाई.” कुणाला त्यात खोट काढता आली नाही. जमिनीवर कोळशानं सहा चौकोन आखले, प्रत्येकात वार लिहिला. क्रम माझ्या मर्जीचा. चाचांनी पाठ फिरवली.

मी बुधवारावर काठी ठेवली. “हा कुणाचा?” “पाटलांचा.” मंगळवार गेला. शनिवार गेला. रविवाराकडं काठी वळतच नव्हती. तीन वार उरले, तीन नावं उरली: एक गावातल्या शेतकऱ्याचं, एक चाचांचं, एक कंपनीचं. मॅनेजर माझ्याकडं टक लावून बघत होता. मी काठी रविवारावर टेकवली आणि विचारलं. म्हणजे विचारायला गेलो. घशातून भलताच कुणाचा तरी आवाज आला. “हा... हा कुणाचा?”

चाचांची मान किंचित हलली. एरवी लगेच नाव घेणारा माणूस थांबला.

“कंपनीचा.”

गाव हळहळला. चाचांना गुरुवार आला. गुरुवारी ते गाद्यांचं सामान घेऊन बाजाराला जायचे. म्हणजे त्यांची शिकार संपलीच.

पुढच्या शिकारीला वाटे मांडले, काठी आली, तरी चाचा वाट्यांकडं तोंड करूनच बसलेले. “आता दुसरं कुणी बसवा,” म्हणाले. लोकांना वाटलं, रविवार गेला म्हणून रुसले. घरी आल्यावर मी धीर करून विचारलं.

“त्या दिशी मी बघितलं रं,” ते म्हणाले.

“तुमची तर पाठ होती.”

“कान कुठं फिरवू? तुझा आवाज फाटला आन् मला वार दिसला.”

“चाचा, माझ्यामुळं...”

“तुझ्यामुळं कसं? तू फकस्त इचारलंस. नाव मी घेतलं.” आणि चाचींना म्हणाले, “कोकण्याला वाढ.”

मी तिथं अजून तीन मोसम काढले. दर रविवारी पहाटे पाहुण्यांनी भरलेली जीप त्यांच्या दारावरून न्यावी लागायची, माळाची वाटच ती. चाचा केव्हाच उठून वाटेकडं पाठ करून कापूस पिंजायला बसलेले असायचे. मी जवळ आलो की त्यांच्या पिंजणाचा आवाज थांबायचा, आणि जीप गावाबाहेर पडल्यावर, वाऱ्यावरून, पुन्हा ऐकू यायचा.