वल्हं सोडल्यावरचं गाणं

काल ऐकायला गेलेल्या मैफलीच्या शेवटी बासरीवाल्याने भटियाली, बंगालच्या नावाड्यांची धून, काढली आणि मला पंचगंगेच्या ओल्या गाळाचा वास आला.

मी गाणं शिकत होते तेव्हा माझे गुरुजी नदीपलीकडे राहायचे. एकदा त्यांच्याकडे निघाले, तेव्हा माझी पहिली जाहीर मैफल दुसऱ्या दिवशी होती, आणि रागदारीनंतर भटियाली ठेक्यात बांधून गायची होती. नावेत मी मांडीवर ताल धरून तीच घोकत होते.

नावाडी दत्तूमामा म्हणाले, "पोरी, हे वल्हं मारतानाचं गाणं हाय व्हय?"

"नाही मामा. ओहोटीला नाव आपसूक वाहते, तेव्हाचं."

"मग हात कशाला चालवतीस?" त्यांनी वल्हं उचलून आडवं ठेवलं. नाव पाण्याबरोबर निघाली. "आता म्हण."

माझा हात थांबला. सूर लांबत गेला, काठाचं भान राहिलं नाही.

मैफलीत मात्र ठेका सोडायचा धीर झाला नाही. तबल्याच्या ठेक्यातच गायले. टाळ्याही मिळाल्या. धुतलेलं धोतर नेसून आलेले मामा निघताना हळूच म्हणाले, "झ्याक झालं की. पर वल्हं काय सोडलं न्हाईस."

काल बासरीवाल्याने खुणेनं तबला थांबवला. माझा हात मात्र मांडीवर ताल धरून होता. इतक्या वर्षांनी तो मी उचलून घेतला.