शेवंताची फुंकणी

आमच्या घरात पूर आला त्या दिवशी मोहाडीत पावसाचा एक थेंब नव्हता. ऊन रणरणत होतं, तळी-बोड्या आटल्या होत्या, आणि मी आपल्याच स्वयंपाकघरात घोटाभर पाण्यात उभा होतो!

पूर आणला कपडे धुवायच्या मशीननं. मशीन शेवंताची. शेवंता म्हणजे माझी बायको. (होती. हा शब्द लिहायला अजून हात चालत नाही, म्हणून कंसात टाकला.) ती गेली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि नागपूरला दिलेली आमची मुलगी सुनंदा निघता निघता म्हणाली, "बाबा, एकटे राहता तं राहा. पन मी येईन तवा घरात काही गडबड दिसली, तं घराले कुलूप आन् तुम्ही माह्या घरी. मंग बोलाचं नाही!"

नागपुरात तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथं खोकलं तरी खालचे लोक वर पाहतात. मी म्हटलं, "जा वं, मी काय लेकरू आहो?"

रविवारी ती येणार होती. शनिवारी सकाळी मी घर चकाचक करायला घेतलं. चादरी, अभ्रे, धोतरं, सगळं मशीनमध्ये कोंबलं. पावडर अंदाजानं टाकली. (माझा अंदाज शेतात खत फेकून तयार झालेला आहे.) बटण दाबलं आणि अंगणात बिडी ओढत बसलो.

बिडी संपली. दुसरी संपली. पाणी पडायचा आवाज काही संपेना! आत जाऊन पाहतो तर मशीनच्या तोंडातून फेस निघतोय आणि पाणी भदभद खाली सांडतंय.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? नळ बंद केला असता. मी धुरा बांधला, शेताला घालतात तसा बांध! जिंदगी धानाच्या बांध्यांत पाणी अडवण्यात गेली. पाणी दिसलं की माझे हात आपोआप धुरा घालायला लागतात. दोन सतरंज्या, एक पोतं, वरून माझं जुनं घोंगडं. स्वयंपाकघराच्या दारात असा पक्का धुरा घातला की एक थेंब बाहेर जाईना. सगळं आतच साचलं. बांधी झकास भरली, धानाची रोवणी तेवढी बाकी राहिली!

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या सुमनवहिनी ओरडल्या. (आमच्या घरात काय चाललंय ते त्यांना आमच्या आधी कळतं.)

"भाऊजी! पान्याचा आवाज येऊन राहिला नं कवाचा?"

"काही नाही वहिनी, कपडे धुऊन राहिलो."

"कपडे का घर?"

मग त्यांनीच सांगितलं, "नळ बंद करा नं पहिले!" केला. टाकीतलं पाणी लोट्यानं उपसलं, मोरीचं तोंड मोकळं करायला मशीनमागची जाडी नळी तिथून काढून जमिनीवर टाकली आणि खराट्यानं सगळा पूर मोरीकडं लोटला. कंबर मोडली. भंडाऱ्याच्या मेकॅनिकला फोन लावला.

तो म्हणाला, "काका, पाणी किती भरलं हे मशीनले समजत नाही. वरच्या बाजूले एक डबडं असते, सेन्सर. टाकीच्या बुडापासून त्याच्यापर्यंत एक बारीक नळी जाते. हात लावू नका, मी सोमवारी येतो."

"सोमवारी मी नागपुरात असन रे बापा!" म्हटलं आणि फोन ठेवला.

झाकण उघडलं. बारीक नळी दिसली. डबड्यापासून ओढून काढली, डोळ्याला लावून पाहिली, तर रिकामी! पाण्याच्या मशीनची नळी आणि आत पाण्याचा टिपूस नाही! मला हसूच आलं. हा रोग माझ्या ओळखीचा. पंपाच्या पायपात हवा शिरली की पंप पाणी उचलत नाही. मग आम्ही वरून पाणी ओतून हवा काढतो, फटीला शेण लिंपतो, की इंजिन लागलं धडधडायला. एवढ्यासाठी कोण सोमवारची वाट पाहील? लोटा घेतला, ती नळी गच्च पाण्यानं भरली आणि परत डबड्यात खुपसली. (शेणही लावणार होतो. सुमनवहिनींची म्हैस चरायला गेली होती म्हणून मशीन वाचली.)

नळ सोडला, बटण दाबलं. मशीननं पाण्याचा एक थेंब घेतला नाही! पोटात काही नाही, आणि हिला वाटतं पोट भरलं. तशीच कपडे घुसळायला लागली. धाड! धाड! धाड! सकाळी दारुड्यासारखी पीत होती, दुपारी उपास धरला. वरून नाचत नाचत दाराकडं निघाली. मी तिला दोन्ही हातांनी मिठी मारून थांबवत होतो, आणि दारात सुमनवहिनी पदर तोंडाला लावून उभ्या.

"वहिनी, हासू नका, पलग काढा!"

त्यांनी प्लग काढला. मग उघडी पडलेली नळी पाहून म्हणाल्या, "हे भरून काहून ठेवली? ताई तं याच्यात फुंकत होत्या."

"कोन ताई?"

"कोन म्हंजे? आपली शेवंताताई! मधातमधात नळी काढे, चूल फुंकल्यावानी फू करे, साबनाचा गाळ निघे, का लावून दे."

"तिले कोनं शिकवलं?"

"कोन शिकवन? एकदा असंच पानी थांबेना. ताईनं नळ बंद केला, झाकन उघडलं आन् म्हने, सुमन, हे तं फुंकणी आहे वं. हिच्यात हवा खेळली पाह्यजे, पानी नाही."

मी पाट ओढला आणि नळीपुढं बसलो. मी निदान चौथीपर्यंत मास्तरचा मार खाल्ला. शेवंता तर शाळेची पायरीही चढली नव्हती. तीच नळी तिनं पाहिली, तीच मी पाहिली. मला दिसलं, आत काही नाही. तिला दिसलं, आत हवा आहे, आणि बुडाशी गाळ बसून ती कोंडली आहे. टाकीत पाणी चढलं की हवा दबते आणि डबडं म्हणतं, बस! हे तिनं चुलीपुढं बसून ओळखलं. बाईची अक्कल म्हणजे अक्कल होती!

"पन मंग मले काहून नाही सांगतलं?"

सुमनवहिनींनी पदर परत तोंडाला लावला. "म्हने, सांगतलं तं ते दुरुस्त करतीन."

मी नळी डबड्यातून काढली, आतलं पाणी ओतून टाकलं. नळी तोंडात धरली. फुंकलं, काही नाही. अजून जोर लावायला श्वास आत ओढला, पण नळी तोंडातच राहिली होती! साबणाचा काळा गाळ थेट घशात. खोकलो, शिंकलो, डोळे पुसले आणि मेलेल्या बायकोची आण घेऊन अशी फू मारली की फट्‌दिशी गाळाचा बुच्चा सुटला. नळी परत डबड्याला लावली. आता चालवून पाहावं म्हटलं, तर लाइन गेली ती रात्रीच आली. कपडे हातानं पिळले.

रविवारी सुनंदा आली. घरभर फिरली, फरशी पाहिली, आणि नेमकी मशीनपुढं थांबली.

"चालते का हे?"

"चालते का म्हंजे? तूच लावून पाह्य!" मी छातीठोक म्हटलं आणि नळाजवळ जाऊन उभा राहिलो.

तिनं आपली ओढणी मशीनमध्ये टाकली, बटण दाबलं. पाणी चढलं. अजून चढलं. मी मनात म्हटलं, शेवंता, लाज राख वं! आणि टक्‌! पाणी आपोआप थांबलं. मशीनचं थांबलं, माझ्या डोळ्यांतलं थांबेना. "पावडर गेली," म्हटलं.

"वा बाबा!" सुनंदा म्हणाली. आम्ही चहा घेतला. माझी छाती फुगली. तिकडं धुणं संपलं आणि मशीननं सगळं पाणी बाहेर सोडलं. ती मागची जाडी नळी आठवते? मोरीतून काढून जमिनीवर टाकलेली? ती अजून जमिनीवरच होती!

सुनंदाची नवी चप्पल तरंगत माझ्याकडं आली. पोरगी फेसात उभी, माझ्याकडं पाहतेय. मला एकच सुचलं.

"धुरा बांधू का?"

आई गेल्यापासून पोरगी हसली नव्हती. ती हसली ती भिंतीला धरून खाली बसेपर्यंत हसली, तशीच ओल्यात. मग डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही इथंच राहा बाबा. माह्या तिसऱ्या मजल्यावर आनलं तं खालचे दोन मजले बुडतीन!" आणि चप्पल झटकत म्हणाली, "पन आईनं तुम्हाले एवढी वर्षं चालवलं कसं?"

तेच मीही विचारतो आहे. मशीन बिघडली तर कुठं फुंकायचं, हे मला आता कळलं. माझ्यात ती कुठं फुंकत होती, हे मात्र कोणालाच सांगून गेली नाही. सुमनवहिनींनासुद्धा!