बाजेखालचा विस्तव

होळी झाली की आमच्या भिलाटीतले पुरुष शिकारीला डोंगरात जायचे. शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी ही रीत आजे-पणजांपासूनची. राखीव जंगलाच्या हद्दीचे दगड मागाहून आले, आणि आम्ही आमच्याच डोंगरात चोर ठरलो. बंदुकीला परवाना लागायचा, आणि तो भिल्लाला कोण देतो! सासऱ्यांची जुनी ठासणीची बंदूक मात्र घरात होती. ती सापडली तर नवऱ्याला तुरुंग, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

माझं पहिलं बाळंतपण होऊन पाच-सहा दिवस झाले होते. सकाळीच नवरा धापा टाकत झोपडीत शिरला. जंगलखात्याचा शिपाई मागावर होता. त्यानं बंदूक माझ्या बाजेखाली सरकवली. बाळंतिणीच्या बाजेखाली कोण बघणार, असा त्याचा विचार.

"भरेल शे," एवढंच म्हणाला आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

भरलेली बंदूक रिकामी करायची तर बार काढावा लागतो, आणि बार काढला की गावभर बोंब. मी बाळाला छातीशी धरून पडून राहिले. पाठीखाली नुसती सुंभाची वीण, आणि तिच्याखाली बंदुकीची दारू.

शिपाई आला. कणगीत हात घातला, छपरात काठी खुपसली. बाजेकडे बघून विटाळानं तोंड फिरवलं आणि दारातच बसला. जायचं नाव घेईना. माझा जीव टांगणीला लागला होता, तरी वाटत होतं, निभावेल.

तेवढ्यात सासू परसातून आली. हातात घमेलं, घमेल्यात रसरशीत निखारे. बाळंतिणीला रोज त्या वेळी बाजेखाली शेक द्यायचा असतो. बंदुकीचं सासूला माहीत नव्हतं, आणि पुरुषाला शेक कुठला आठवायला!

"आज शेक नको, माय," मी कसंबसं म्हणाले.

"काबरं नको? अंग गार पडी जाई."

"म्हातारीचं ऐकावं," शिपाई म्हणाला, आणि पहिल्यांदाच बाजेकडे नीट बघू लागला.

मी अंगणातल्या नवऱ्याकडे बघितलं. घमेलं त्याला दिसलं होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. आता बोलेल, असं मला वाटलं. सासू खाली वाकली. निखाऱ्यांवर ओवा टाकला तशी एक ठिणगी तडतडून माझ्या पायाजवळ पडली. नवरा ओठ मिटून उभाच. भीतीनं मी बाळाला किती आवळलं होतं, ते बाळ कळवळून रडलं तेव्हा कळलं.

मी बाळासकट बाजेवरून उतरले आणि दारातल्या शिपायाला ओलांडून अंगणात पळाले. बोलले काहीच नाही. बोलायची गरजच राहिली नाही. शिपाई उठला आणि बाजेखाली वाकला.

बंदूक सरकारजमा झाली, नवरा धुळ्याच्या तुरुंगात गेला. भिलाटीनं मला पाण्यात पाहिलं. बायकोनंच नवरा धरून दिला, म्हणायचे. सासूनं मात्र एकदाही बोल लावला नाही. स्वतःच्या हातातलं घमेलं तिला आठवत असावं.

तो सुटून आला तेव्हा पोरगं चालायला लागलं होतं. पहिल्याच संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन नवरा म्हणाला, "जराशी थांबती ते मी बोलनारच व्हतू."

"हाव," मी म्हणाले.

किती थांबायला हवं होतं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायचीच भीती वाटली. पण पोर मोठं होईपर्यंत रोज रात्री ते दाराच्या बाजूला निजायचं, आणि मी त्याच्या नि त्याच्या बापाच्या मध्ये.