राक्षस कोणाच्या मालकीचा?

अख्ख्या नागपुरात माझ्याइतके कायद्याचे कागद कोणी हाताळले नसतील. म्हणजे झेरॉक्स काढले. वाचला एकही नाही. सातवीतच शाळेनं मला हात जोडले! जरीपटक्यातल्या माझ्या दुकानात दर रविवारी फाशांचा खेळ खेळणारी मंडळी जमते, आणि रद्दीसारखे किस्से साचत जातात.

खेळात एकजण गुहेची गोष्ट सांगतो, बाकीचे योद्धे बनून फासे टाकतात. नियमांचं जुनं विदेशी पुस्तक आता बाजारात मिळत नाही, आमच्याकडे एकच प्रत. म्हणून आमचा प्रशांत, कोराडीच्या वीज केंद्रातला कारकून, ते नियम मराठीत नव्यानं लिहायला बसला. धाक एकच: कॉपीराइटची केस झाली तर नोकरी जाईल!

*

आमच्यातल्या वकील वंदनाताईंनी समजावलं, "खेळाची रीत कोणाच्या बापाची नाही. शब्द अन् चित्रं मात्र त्यांची."

झालं! प्रशांतनं घाबरून 'योद्धा मेला' खोडलं आणि लिहिलं, 'योद्धा कायमच्या रजेवर गेला.'

"काहून गा, मरण बी त्याईच्याच मालकीचं हाय का?" मी विचारलं.

"काका, रिस्क काहून घ्यायची?"

*

मग मला खाज सुटली. एका पाकिटावर कोर्टाच्या नोटिशीसारखा लाल शिक्का मारून त्याच्या घरी टाकलं. आत मशीनमधून कोराच निघालेला कागद!

पठ्ठ्यानं ते उघडलंच नाही. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं पाकीट फोडलं आणि ती थेट दुकानात हजर.

"काका, कोऱ्या कागदावर बी तुमच्या मशीनची काळी रेघ उमटते. लाज वाटू द्या जराशी!"

*

शेवटी पुस्तक झालं. ताईंनी ओळ न् ओळ जुन्या पुस्तकाशी ताडून पाहिली. एकही वाक्य सारखं नाही! तरी भीतीपोटी प्रशांतनं स्वतःचं नाव घातलंच नाही. बाइंडिंग माझ्याकडे.

कव्हर फारच ओकंबोकं दिसत होतं हो. मी जुन्या पुस्तकातला शिंगवाला राक्षस स्कॅन केला आणि झोकात छापला. पन्नास प्रती वाटूनही टाकल्या; सात तर उमरेडच्या बसनं गेल्या.

रविवारी एक प्रत मंडळींपुढे ठेवली. ताईंनी कपाळाला हात लावला. प्रशांत पांढराफटक!

"भेतं काहून गा?" मी हसलो. "तुह्यं नाव कुठं हाय त्याच्यावर?"

त्यानं पुस्तक उलटं केलं.

"माह्यं नाहीच न काका. मागच्या कव्हरवर दुकानाचं नाव, पत्ता अन् मोबाइल नंबर, सारं तुमचंच छापून ठेवलं तुम्ही!"