देवांच्या टाइल्सखाली

“निर्माल्य कचऱ्यात टाकतात का? इथे देव आहेत ना!” शेजारच्या काकू रिकाम्या प्लॉटच्या भिंतीशी पिशवी ठेवत सुनेला म्हणाल्या.

“आई, देवही नाक धरून बसलेत,” सून हसली.

कचरा थांबावा म्हणून सोसायटीने त्या भिंतीवर देवांच्या टाइल्स लावल्या. कचरा थांबला, पण निर्माल्याच्या पिशव्या सुरू झाल्या, मग तडकलेल्या तसबिरी आल्या. कुजलेल्या झेंडूच्या वासाने माझी खिडकी आता फार वेळ उघडी ठेवता येत नाही. मालक फिरकत नाही, अशी जागा आपण देवाच्या हवाली करून मोकळे होतो. जागा मात्र आपल्याच दाराशी राहते.

एरवी मी फक्त बघते. आज खाली उतरले.

“काकू, ती पिशवी मला द्या. रविवारी गेटजवळ निर्माल्याच्या खतासाठी खड्डा खणू. सुरुवात मी करते.”