अक्कांचा बदललेला रेग्युलेटर

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच असतो.

मी तेव्हा धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला एका ठाण्याचा प्रभारी होतो. एके सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. एका गावात साखरपुड्याचा स्वयंपाक चालू असताना खळ्यात गॅसचा भडका उडाला होता आणि एक तरुण बाई भाजली होती. ही बाई अक्कांची सून. अक्का म्हणजे साक्री-पिंपळनेर पट्ट्यात लग्नकार्याचा स्वयंपाक करणारी आचारीण. पाचशे माणसांची वरण-बट्टी करायची तर लोक त्यांनाच बोलवायचे, आणि सून त्यांच्या हाताखाली असायची.

आम्ही पोहोचलो तोवर सुनेला धुळ्याला हलवलं होतं. हात, गळा आणि चेहऱ्याची एक बाजू भाजलेली, बोलता येत नव्हतं. जागेचा पंचनामा केला. काळी पडलेली भट्टी, अर्धी जळालेली नळी, व्यावसायिक सिलिंडर आणि त्यावरचा हिरव्या रंगाचा रेग्युलेटर मुद्देमाल म्हणून जप्त केला. अक्का एवढंच सांगत होत्या, "नळी सटकनी आनि एकदम भडका उना."

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सून भाजली की तपासाचं तोंड आपोआप सासूकडे वळतं. तसं वळावंच, कारण अशा कितीतरी प्रकरणांत स्टोव्हचं नुसतं नाव होतं. पण त्या सवयीने माझे डोळे बंद केले. माहेरची माणसं ठाण्यासमोर बसून होती, सासूला आत टाका म्हणून. त्यातच दुसऱ्या दिवशी सकाळी खबर चालून आली. बाजारपेठेत शेगड्या, नळ्या, रेग्युलेटर विकणारा आणि दुरुस्त करणारा एक दुकानदार माझ्या केबिनमध्ये आला. चहा घेतला. आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. पण सासू-सुनेचं पटत नव्हतं. आठ दिवसांपूर्वी माझ्या दुकानात दोघींचं मोठं भांडण झालं. म्हातारी फार तापट आहे."

मी खूश झालो. आयती खबर आणि तीही प्रतिष्ठित माणसाकडून! फुकट खबर देणाऱ्याला त्यातून काय मिळतं, हा पोलिसाचा पहिला प्रश्न. तो मी विचारलाच नाही.

बाईची चौकशी तिच्या घरी करावी, ठाण्यात बोलावू नये, हा नियम मला पाठ होता. तरी मी अक्कांना बोलावलं. सलग तीन दिवस त्या सकाळी यायच्या, संध्याकाळपर्यंत बाकावर बसायच्या. मी विचारायचो, सुनेशी काय वाद होता? त्या म्हणायच्या, "वाद तिनाशी नही व्हता, साहेब. दुकानवालाशी व्हता. रेग्युलेटर मना नही व्हता. त्यानी बदली टाका." मी टेबलावर हात आपटायचो. जबाबात ते वाक्य हवालदाराने लिहिलं, तर मी त्याला म्हणालो, विषयांतर आहे, काढून टाक. त्याने काढलं. साप सोडून मी भुई धोपटत होतो, आणि ती भुई म्हणजे साठीची एक बाई होती.

तिसऱ्या दिवशी मुद्देमाल प्रयोगशाळेकडे पाठवायची तयारी चालू होती. आमची महिला शिपाई त्याच भागातली, शेतकऱ्याच्या घरची. ती दारात उभी राहून म्हणाली, "साहेब, बाई रोज तेच सांगतेय. तिचा रेग्युलेटर ओळखायचा कसा, एवढं तरी विचारू या."

मी वैतागून अक्कांना विचारलं. त्यांनी एका दमात सांगितलं, "दसराले झारा, उलथनं आनि रेग्युलेटर पाटवर ठेवस. हयद-कुकू लावस. बारा वरीस व्हयनात. चावीनी खाचमा ते कुकू बठ्ठं बशी गयं. घासीसन बी निंघस नही."

आमच्याकडे दसऱ्याला नांगराची पूजा होते, शिवणयंत्राची होते. आचारणीच्या रेग्युलेटरचीही होत असेल, हे मला सुचलं नव्हतं. पंचांना बोलावून जप्त केलेला रेग्युलेटर पाहिला. चावीच्या खाचा स्वच्छ, रंग कोरा, कुंकवाचा कणही नाही. गॅस एजन्सीचा एक जुना मेकॅनिक बोलावला. त्याने तो हातात फिरवला आणि त्याचा चेहराच उतरला.

"साहेब, ह्यावर प्रमाणित असल्याचा शिक्का नाही, कानशीने घासलाय. बनवल्याचं सालही नाही. आणि हे बघा." झाकणावर एक बारीक ठिपका होता. "इथे छिद्र असतं. सिलिंडरमधल्या गॅसचा दाब भयंकर, तो भट्टीला झेपेल एवढा कमी करायचा हे रेग्युलेटरचं काम. आत रबरी पडदा असतो आणि त्याच्यावर स्प्रिंग. पडदा फाटला तर गॅस ह्या छिद्रातून बाहेर येतो, वास येतो, माणूस सावध होतो. ह्या हरामखोराने छिद्रात लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. मग वास कुठून येणार? पडद्याच्या दोन्ही अंगांना दाब सारखा झाला, स्प्रिंगने वाट सताड उघडली, सगळा जोर नळीवर. नळी उडणारच."

त्याच दुपारी दुकानाची झडती घेतली. विक्रीच्या फळीवर, जुन्या मालाच्या रांगेत, एक दणकट पितळी रेग्युलेटर रंगाची वाट बघत पडला होता. चावीच्या खाचांत कुंकू लालभडक होतं. काउंटरखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे सापडले, त्यांतून गोल चकत्या कापलेल्या. भंगारातले रेग्युलेटर आणून हा माणूस त्यांत ट्यूबचा पडदा बसवायचा. ते रबर गॅसने फुगतं, मऊ पडतं आणि फाटतं. प्रयोगशाळेच्या अहवालात पुढे तेच आलं. अक्का चावी घट्ट करायला आल्या, तेव्हा त्यांचा चांगला माल ठेवून घेऊन याने रंगवलेलं मढं त्यांच्या हाती दिलं. त्या भांडल्या, तर म्हणाला, तुमचाच आहे, रंग दिल्याने ओळखू येत नाही. दुसऱ्या दिवशीच साखरपुड्यांचा हंगाम सुरू होत होता, म्हणून सुनेनेच सासूला समजावून घरी नेलं.

त्याला समोर बसवलं. छिद्र का बुजवलं? तो शांतपणे म्हणाला, "वास येतो म्हणून गिऱ्हाईक परत आणायचं, साहेब. बुजवलं की तक्रार बंद." हे ऐकून माझा हात उचलला गेला होता. कसा आवरला, माझं मला माहीत. माणसाला वाचवणारी एकच खूण होती, आणि याला तिचाच त्रास होत होता! वर तो माझ्याच केबिनमध्ये माझाच चहा पिऊन त्या बाईवर बालंट आणून गेला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

आठवड्याने सून बोलू लागली. जबाबाला गेलो, तेव्हा तिने आधी मलाच सासूबद्दल विचारलं, "आत्या पहिला तीन दिन काबर नही उन्यात?" तिच्या जबाबाने अक्कांवरचा संशय कायमचा पुसला गेला. दुकानदारावर दोषारोपपत्र गेलं. तो जामिनावर सुटला आणि महिन्याभरात दुकानाचं शटर पुन्हा वर. बाजारातला कोणीही त्याला जाब विचारला नाही.

म्हणून मी आता भेटेल त्याला सांगतो, लोक हसले तरी सांगतो. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर अंगणातल्या भट्टीला लावू नका, आणि भट्टीचा घरात लावू नका. शिक्का आणि साल बघून, पावती मागून घ्या. छिद्र मोकळं ठेवा, त्याचं तोंड खाली येईल असं लावा, म्हणजे पाणी-राख आत जाणार नाही. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, काडी ओढून बघू नका. नळीला क्लिप हवीच. आणि बिघडलेला रेग्युलेटर दुरुस्त करत बसू नका, फेकून द्या. तपासाबद्दल मात्र एकच शिकलो. संशयित रोज एकच वाक्य सांगत असेल, तर ते खोटं ठरवण्यासाठी तरी एकदा तपासून बघावं. मी तेवढंही केलं नाही.

बदलीचा आदेश आल्यावर अक्कांच्या घरी गेलो. ओट्यावर त्या बट्टीचं पीठ मळत होत्या. मी म्हणालो, अक्का, माझं चुकलं. त्यांनी हात थांबवला नाही. "माफी माले कसाले मांगतस? तिनाकडे मांगा. तीन दिन दवाखानामा तिनी मनी वाट दखी."

मी आत गेलो. सुनेच्या उजव्या हाताची बोटं आता पुरती मिटत नव्हती. तशाच हातांनी तिने मला नमस्कार केला. मला तो घेता आला नाही.