नव्या पुलावरून ओटी

दुपारी वाचता वाचता पुस्तक छातीवर उलटं पडतं. बाहेर नव्या पुलावर कुणीतरी माईक तपासतंय. संध्याकाळी उद्घाटन. ओढ्याची ओटी मी भरावी, असं शेजारच्या वैजूकाकू सकाळी सांगून गेल्यात. "आई तुझी त्यातच गेली. मान तुझाच." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माईकवरचा आवाज जड होत जातो, बुडतो.

स्वयंपाकघरात आई पाठमोरी तांदूळ निवडते आहे.

"झोपा काढ तू," ती म्हणते.

"आई, तू गेली आहेस."

"मग? तांदूळ काय आपोआप निवडले जातात?"

मी जवळ जाते, तर ओट्याच्या जागी जुन्या पुलाचा कठडा. गुडघ्याएवढा, शेवाळलेला. खाली पूर्वीचा अरुंद ओढा, पुरानं पुलाला टेकलेला. गल्लीत पाणी शिरलं की थोरल्या सवाष्णीनं ओढ्याची ओटी भरायची, म्हणजे तो उतरतो, असं सगळे मानायचे. आई भरायला वाकली आणि कठड्यासकट गेली.

"नवा केवढा उंच बांधलाय," ती वर बघते. "वर जाळी. ओटी देणार कशी? कचऱ्यासारखी फेकणार?"

"ओढा रुंद केलाय, दोन्ही बाजूंना भिंती घातल्यात. पाणी गल्लीत येत नाही आता. ओटीची गरजच नाही."

"गरज बघून मान देतात होय? शिकलीस ना एवढी!"

"तू हातानं द्यायला गेलीस, म्हणून गेलीस."

ती वळते. चेहरा ओला आहे, डोळे कोरडे.

"मागून बायका ओरडत होत्या, आणखी वाक, आणखी वाक. वैजू सगळ्यांत मोठ्यानं. तेव्हा तू कुठं होतीस?"

मी पुण्यात होते. तिला माहीत आहे. कठड्याच्या जागी दवाखान्यातल्यासारखा जिना येतो, पांढऱ्या भिंतींमधून खाली पाण्यात उतरणारा. तिनं माझं मनगट पकडलंय.

"चल. खाली उतरून, हातानं दे."

"नाही."

"माझी लेक म्हणवतेस!"

"म्हणूनच नाही. या घरातलं कुणी आता ओढ्यापुढे वाकणार नाही."

तिची पकड घट्ट होते. क्षणभर वाटतं, ती खेचणार. मग ती हात झटकते.

"मर मग कोरडी."

दारावरची बेल वाजते आहे. मी उठून दार उघडते. वैजूकाकू ताट घेऊन उभ्या. नारळ, खण, तांदूळ. नवी पैठणी नेसल्यात.

"अगं, अजून अशीच? पाहुणे आले. चल, ओटी..."

"तुम्हीच भरा, काकू. मी मागे उभी राहते."

त्या हसायला जातात. मग त्यांची नजर माझ्या मनगटावर पडते आणि ताट कलतं. मीही बघते. नखं रुतल्याच्या ओल्या खुणा, एकीतून रक्त येतंय. माझी नखं तर मी अगदी मुळाशी कापते, रुतण्याइतकी नाहीतच.